बोलेरोत रास्पबेरी पाय बसवून राहिलो, सेल्फ मारला की बंद पडते

धुऱ्यावरचा (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी.

गाडी बाबांची, २००९ची बोलेरो, डीआय इंजिन. मी ठिबकची कामं करतो. संच बसवणे, सँड फिल्टर खोलून देणे, मोटरचे स्टार्टर दुरुस्त करणे. फिरणं घाटंजी, पारवा, पांढरकवडा असं, आणि कधी पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे. पारव्याच्या पुढे टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूनं गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि नकाशा गोल गोल फिरत बसतो. शेतकरी फोनवर सांगतो, "मारुतीच्या देवळापासून डाव्या हाताची पांदण धरा." तिथं देवळंही दोन असतात आणि पांदणीही दोन.

कॉलेजच्या प्रोजेक्टचा रास्पबेरी पाय ४ (हातावर मावणारा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, २ जीबी) घरी पडून होता. सोबत सात इंची टचस्क्रीन, ८०० बाय ४८० वाली. म्हटलं याचाच गाडीसाठी कॉम्प्युटर करू. मला त्यातून हवं ते एवढंच: रेंज नसताना चालणारा नकाशा, पेन ड्राइव्हवरची गाणी, कोणत्या शेतात कधी गेलो याची नोंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान. बोलेरोचा टेंपरेचरचा काटा मनात येईल तसा वागतो. मागच्या उन्हाळ्यात तो निम्म्यावर होता आणि बोनेटमधून वाफ निघत होती.

आता अडचण. पॉवर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली आहे. मोबाइलचा दोन पोर्टचा कार चार्जर, त्यावर २.४ अँपिअर छापलेलं आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज सारखी चमकते. सेल्फ मारला की बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, दर वेळी. असं होता होता एसडी कार्ड गेलं, बूटच होईना. नवीन कार्डावर सगळं परत टाकलं. दुपारी गाडी उन्हात राहिली की मात्र नकाशा इतका हळू सरकतो की बैलबंडी पुढे निघून जाईल.

प्रश्न असे: मध्ये एक पॉवर बँक लावून दिली तर सेल्फच्या वेळचं बंद पडणं थांबेल का? पाय ५ घेतला तर फरक पडेल का? सॉफ्टवेअर कोणतं टाकू? आणि या गाडीला ओबीडीचं (इंजिनची माहिती बाहेर देणारं) सॉकेटच नाही, तर इंजिनचं तापमान घ्यायचं कुठून?

कृपया "मोठ्या स्क्रीनचा तयार स्टीरिओ घे" सांगू नका. तो मित्राच्या गाडीत आहे. त्यात गाणी दिसतात, पाणी दिसत नाही.

कीबोर्ड_अमरावती

पाय ५ चा विचार आत्ता सोड. त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअरचा सप्लाय लागतो. तुझा चार्जर ४ लाच पुरत नाही, ज्याला ३ अँपिअर सांगितलेले आहेत. शिवाय ५ जास्त तापतो आणि त्याला ऑडिओची गोल जॅक नाही. गाणी आणि नकाशा यांना ४ भरपूर आहे.

पिवळी वीज म्हणजे बोर्डाला मिळणारा व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेला. टर्मिनलमध्ये व्हीसीजेन-सीएमडी (बोर्डाची अवस्था सांगणारी कमांड) चालवून गेट-थ्रॉटल्ड विचार आणि काय आकडा येतो ते इथे टाक. एकदा सकाळी, एकदा दुपारी उन्हातून आल्यावर. दुपारी सोबत मेझर-टेंपही (बोर्डाचं तापमान) घे.

धुऱ्यावरचा

सकाळी ५०००५. दुपारीही तेच, पण तापमान ८२ दाखवते. स्क्रीन इतकी गरम की बोट ठेवलं की उचलावं लागते.

कीबोर्ड_अमरावती

५०००५ म्हणजे व्होल्टेज आत्ताही कमी आहे, मघाशीही होता, आणि त्यामुळे बोर्डानं स्वतःचा वेग पाडून घेतला आहे. सकाळच्या थंडाव्यातही हाच आकडा आहे, म्हणजे दोष पॉवरचा. दुपारी त्यात उष्णतेची भर पडते, कारण ८० च्या पुढे तो आणखी वेग कमी करतो आणि ८५ ला तर जोरातच ब्रेक लावतो. सॉफ्टवेअर बदलून यातलं काहीच सुटणार नाही. गाडीच्या वायरिंगचं मला कळत नाही, ते कोणीतरी सांगेल.

वायरिंगवाला (दारव्हा)

मी सांगतो. ट्रॅक्टर, जीप, बोलेरोची वायरिंग हेच माह्यं काम हाय, पोरगा इंजिनिअरिंगले हाय म्हणून हा पाय बी हाताखालून गेला.

भाऊ, तू पाटाले पाणी नसताना ठिबकची नळी कोणती घेऊ विचारून राहिला. पहिले पाणी आण.

तुह्यं सेल्फचं दुखणं बॅटरी दबते म्हणून नाही. लोक तेच समजतात. चावी स्टार्टवर फिरवली की बहुतेक गाड्यात एसीसीची (चावीच्या पहिल्या खटक्यावर रेडिओ-लायटरले भेटते ती) लाइन तेवढा वेळ तोडलेली राहते, सगळा करंट सेल्फले भेटावा म्हणून. लायटरचं सॉकेट त्याच एसीसीवर राहते. म्हणजे चार्जरले तेवढे दोन सेकंद काहीच भेटत नाही, मंग तो २.४ चा असो का १० चा. खात्री करायची असन तर मल्टिमीटर सॉकेटात लाव आन घरातल्या कोणाले चावी फिरवाले सांग. शून्य दिसन.

पॉवर बँक मध्ये लावू नको. एक तर बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग आली-गेली की आउटपुट एक क्षण तोडतात, म्हणजे दुखणं तिथंच. दुसरं, लिथियमच्या सेलले ६० डिग्रीच्या वर ठेवाचं नसते. मे महिन्यात काचा बंद करून उभी असलेली गाडी अन् तिचा डॅशबोर्ड, हात लावून पाह्य. १८६५० सेलवाले यूपीएसचे जे बोर्ड पायवर बसतात, ते बी आपल्या इकडच्या गाडीत नको.

आता काय करायचं ते. एक वायर सरळ बॅटरीच्या प्लसवरून आण. १.५ स्क्वेअर एमएमची घे. फ्यूज ५ अँपिअरचा, आन तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर लाव, डॅशबोर्डखाली नाही. फ्यूज बोर्ड वाचवाले नसते, वायर वाचवाले असते. बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या छिद्रात रबराचा ग्रोमेट नाही घातला तर पत्रा वायरीची साल काढते, अन् फ्यूजच्या अगोदरचा तुकडा बॉडीले टेकला तर गाडीच जळते. हे मी पाहिलं हाय, एका गिऱ्हाइकाच्या जीपमधी.

ती वायर एका १२ व्होल्टच्या टायमर रिलेत घाल. ऑफ-डिलेचा पाहिजे, म्हणजे सिग्नल गेल्यावर काही वेळानं सुटणारा. सिग्नल एसीसीवरून दे आन वेळ ६० सेकंद ठेव. झालं. चावी लावली की रिले बसली. सेल्फ मारताना एसीसी दोन सेकंद गेली तरी रिले सुटत नाही. गाडी बंद केली की बोर्डाले एक मिनिट भेटते, तेवढ्यात त्यानं आपलं आवरून झोपायचं. मंग रिले सगळंच तोडते. हे तोडणं लागते, कारण शटडाउन केलेला पाय बी करंट खातच राहते. १०० मिलीअँपिअर जरी धरला तरी दिवसाले २.४ अँपिअर-अवर झाले. लग्नसराईत गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर धक्का मारावा लागन.

रिलेच्या पुढे बक कन्व्हर्टर, म्हणजे १२ चे ५ व्होल्ट करणारं मॉड्यूल. एलएम२५९६ वाले दोन घे, एक बोर्डाले, एक स्क्रीनले. त्या स्क्रीनले वेगळी पॉवर देता येते. ३ अँपिअर लिहिलं राहते पण हीटसिंक नसन तर २ च्या वर नेऊ नको, म्हणून दोन सांगितले. हा चिप इनपुट ७ व्होल्टपर्यंत खाली गेलं तरी ५ देते, म्हणून थंडीत सकाळी सेल्फनं बॅटरी दाबली तरी चालते. काही मॉड्यूलले इनपुट कमीत कमी ८ लागते, ते डिझेल गाडीत नको. बोर्ड जोडाच्या अगोदर स्क्रू फिरवून ५.१ वर आण. नवीन मॉड्यूल कितीवर सेट असन याचा काही भरवसा नाही, १२ पण राहू शकते. वायर जोडल्यावर, बोर्ड चालू असताना, बोर्डाच्या टोकाले पुन्हा मोज.

बकच्या इनपुटवर २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड उलटा टाक, प्लस-मायनसच्या मध्ये. तुले वाटन कशाले. सांगतो कशाले. आपल्याकडचे मेकॅनिक डायनामो चार्ज करते का नाही हे पाहाले चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढतात. गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो चांगला! त्या क्षणाले लाइनवर ४०-५० व्होल्ट, कधी त्याच्याही वर उसळतात. जुन्या जीपमधी बल्बशिवाय काही नव्हतं, खपून गेलं. आता चिपा जळतात. एलएम२५९६ ची मर्यादा ४० हाय. तसंच ट्रकच्या २४ व्होल्टवरून कोणी जंप-स्टार्ट देतो म्हणलं तर पहिले ही फ्यूज काढ.

आन बोर्डाले चावी बंद झाल्याचं कसं कळन? एसीसीची १२ व्होल्टची वायर सरळ पिनवर लावशीन तर बोर्ड मेला, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर टाक, तो आतल्या उजेडानं सिग्नल देते, १२ व्होल्ट पिनेपर्यंत जाऊ देत नाही. विकत घ्याची गरज नाही, मेलेल्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर फोड, चार पायाचा काळा किडा आत दिसन. एलइडीच्या बाजूनं २.२ के चा रेझिस्टर, दुसरी बाजू पिन अन् ग्राउंडच्या मध्ये. पोरानं पायथनची आठ-दहा ओळीची स्क्रिप्ट लिहून देली होती: एसीसी सलग १० सेकंद नसन तरच शटडाउन. तयार शटडाउनचा ओव्हरले असते पायमधी, पण तो लगेच बंद करते, सेल्फच्या वेळी बी.

बाकी तापमानाचं उद्या लिहितो, गिऱ्हाइक उभं हाय.

संत्रावाला_वरूड

वायरिंगवाले भाऊ, टर्मिनल काढायची गोष्ट अगदी खरी. आमच्या गावात तर त्याला "टेस्टिंग" म्हणतात.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. आपल्याकडे चारचाकीला ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्यानंतरच्या गाडीत स्टीअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट सापडतं. त्यात ब्लूटूथचा ईएलएम३२७ अडॅप्टर लावायचा, पायवर तो वाचणारं पायथन-ओबीडी टाकायचं, आणि पाण्याचं तापमान, आरपीएम, स्पीड सगळं येतं. तापमानाचा कोड ०१०५, आलेल्या आकड्यातून ४० वजा केले की झालं. माझ्या गाडीत जुनी, हळू के-लाइन आहे, वेगवान सीएएन नाही, त्यामुळे सेकंदाला दोन-चारच आकडे येतात. काट्यासारखं सुळकन फिरणारं मीटर दाखवायचा नाद त्यामुळे सोडला, साधे मोठे आकडे ठेवले. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरी थेट असते, म्हणून अडॅप्टर रात्रभर लावून ठेवू नये.

२००९च्या डीआय बोलेरोत पंप मेकॅनिकल आहे, विचारायला ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. तुला सेन्सर स्वतःच लावावा लागेल.

वायरिंगवाला (दारव्हा)

बरोबर. आता तापमान.

सगळ्यात सोपं म्हणजे डीएस१८बी२० तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीतला. तीन वायर: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डेटा. डेटा बोर्डाच्या चार नंबरच्या जीपीआयओ पिनेवर, आन डेटा ते ३.३ च्या मध्ये ४.७ के चा रेझिस्टर. तो विसरला तर सेन्सर दिसतच नाही. कॉन्फिगमधी डब्ल्यू१-जीपीआयओ चालू केलं की २८ नं सुरू होणारं फोल्डर येते, त्यात तापमान. सेन्सर १२५ पर्यंत चालते, पण त्याची काळी वायर तेवढी सोसत नाही. इंजिनजवळचा तुकडा फायबर स्लीव्हमधी घाल, आन एक्झॉस्टपासून दूर ने.

रबरी होजवर बांधू नको. रबर गरमी अडवते, इंजिन उकळून जाईन तरी आकडा आरामात राहीन. वरचा होज इंजिनले जिथं लागते ना, थर्मोस्टॅटचं ते धातूचं घर, त्याले खरडून साफ कर, थर्मल पेस्ट लाव आन होज क्लिपनं नळी आवळून टाक. आतल्या पाण्यापेक्षा काही डिग्री कमीच दाखवन, त्याची चिंता नको. सपाट रस्त्यावर, एसी बंद, गाडी नीट गरम झाल्यावर किती येते ते लिहून ठेव. त्याच्या १० वर अलार्म लाव. धातूवर लावाचा अजून एक फायदा: पाणी गळून गेलं तर पाण्यातला कंपनीचा सेंडर (काट्याचा सेन्सर) हवेत लटकते आन काटा खाली येते. तुह्या गाडीत वाफ निघताना काटा निम्म्यावर होता म्हणतं, माह्या अंदाजानं हेच झालं असन. धातू मात्र खोटं बोलत नाही.

एक फसवणूक ध्यानात ठेव. या सेन्सरले पॉवर गेली-आली की, पहिलं मोजमाप होईपर्यंत, त्याच्या पोटात बरोबर ८५ हा आकडा असते. फ्रीजमधी लावला अन् ८५ आला तर कोणीबी समजते की काहीतरी चुकलं. इंजिनवर ८५ आला तर वाटते, वा, मस्त चालून राहिली गाडी! कनेक्शन ढिलं असन तर गचक्यागचक्याले ८५ दाखवत राहीन. म्हणून स्क्रिप्टमधी टाक, नेमका ८५.००० आला की तो सोडून दे आन पुन्हा वाच. खरं इंजिन ८४.९ वर राहते, ८५.१ वर राहते, नेमक्या ८५ वर क्वचितच थांबते.

अलार्मले बझर लाव, स्क्रीनवरचं लाल अक्षर आपल्या रस्त्यावर कोण पाहते. खड्डे पाहावे का स्क्रीन?

आरपीएम पाहिजे म्हणशीन तर डायनामोच्या डब्ल्यू टर्मिनलवरून निघते. पण तुले काय करायचा?

मास्तर_धारणी

सर्वांना नमस्कार. मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नये.

नकाशासाठी पाय वापरूच नका. पायवर नॅव्हिट हे नकाशाचं सॉफ्टवेअर चालतं, मी चालवून पाहिलं. पण सात इंचावर त्याचे मेनू बोटानं दाबणं म्हणजे वैताग. घरात एखादा जुना अँड्रॉइड फोन असतोच. त्यात ओएसएमअँड हे नकाशाचं अ‍ॅप टाका, महाराष्ट्राचा नकाशा वायफायवर एकदा उतरवून घ्या. तुम्ही आदिलाबादकडे जाता, म्हणून तेलंगणाचाही घ्या, नाहीतर पैनगंगेच्या पुलावर नकाशा संपतो. फोनमध्ये जीपीएस, स्पीकर, टच सगळं आलं. पायला फक्त सेन्सर, नोंदी आणि गाणी ठेवा.

पांदण रस्त्यांचं मात्र ऐका. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेला नकाशा, ओएसएमअँड तोच वापरतं) आपल्या भागातले डांबरी रस्ते बहुतेक सापडतात, पांदणी सापडत नाहीत, कारण त्या कोणी टाकलेल्याच नाहीत. तुम्ही रोज त्यांवरूनच जाता. जीपीएक्स ट्रॅक (गेलेल्या वाटेची फाइल) नोंदवा, आणि घरी आल्यावर खातं उघडून तो रस्ता स्वतः नकाशात काढा. दोन मारुतींची दोन देवळंही टाका. मेळघाटात मी आमच्या शाळेच्या वाटेवरचे नाले असे टाकले आहेत, पावसाळ्यात कोणत्या नाल्यावरून गाडी जात नाही तेही लिहिलं आहे. पुढच्या अपडेटला ते सगळ्यांच्या फोनमध्ये येतं.

वायरिंगवाला (दारव्हा)

मास्तर, तुमचं पटलं. फक्त फोन गाडीत सोडून शेतात जाऊ नका, त्यातबी लिथियमच हाय. खिशात घालून न्या.

कीबोर्ड_अमरावती

मास्तरांशी सहमत, पण नोंदीसाठी पायलाही जीपीएस लागेल. निओ-६एम मॉड्यूल घे, सिरीयल पिनांवर लागतं. त्याचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे: पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट नसलं की तो मागच्या वेळी बंद केला तिथून वेळ पुढे मोजतो, आणि तुझ्या नोंदीत मंगळवारचं शेत सोमवारी दिसेल. जीपीएसडी आणि क्रोनी ही दोन सॉफ्टवेअर लावली की वेळ उपग्रहावरून येते. अँटेना काचेखाली ठेव, पत्र्याखाली नाही. गाडी गॅरेजमधून काढल्यावर पहिलं लोकेशन यायला वेळ लागतो, तोपर्यंतच्या नोंदी स्क्रिप्टनं लिहूच नयेत.

कार्ड जाण्याबद्दल: रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सच्या खाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे, ती चालू कर. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं रॅममध्ये. अचानक वीज गेली तरी कार्ड सुरक्षित. अर्थात नोंदीही रॅमबरोबर जातील, त्या पेन ड्राइव्हवर लिही. काही बदलायचं असेल तर ओव्हरले बंद, रीबूट, बदल, परत चालू. कटकट आहे, पण एकदाच.

सॉफ्टवेअर म्हणशील तर गाण्यांना कोडी नावाचं प्लेअर पुरे. फोनचं अँड्रॉइड ऑटो पायच्या स्क्रीनवर दाखवणारं ओपनऑटो आणि त्यावर बेतलेलं क्रँकशाफ्ट अशी दोन नावं तुला शोधताना सापडतीलच. आकर्षक आहेत, पण त्यांत तुझं पाण्याचं तापमान बसवायला बराच खटाटोप आहे. साधं पायथनचं पान कर, वर मोठा आकडा, खाली गाणी.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. वायरिंगवाले काका, मल्टिमीटर लावला, आईनं चावी फिरवली. सेल्फ फिरेपर्यंत सॉकेटवर शून्य. तुम्ही सांगितलं तस्संच.

टायमर रिले, दोन बक, टीव्हीएस नागपूरहून मागवले. पीसी८१७ मेलेल्या अडॅप्टरमधूनच काढला. आता सेल्फ मारला तरी गाणं अडखळतही नाही, आणि गेट-थ्रॉटल्ड शून्य दाखवते. बोर्ड डॅशबोर्डवरून काढून ग्लोव्ह बॉक्सच्या मागे नेला, अ‍ॅल्युमिनियमच्या बंद डबीत. पंखा लावला नाही, कारण कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर जी रुई उडते ती पंखा आतच ओढून घेईल. दुपारी बोर्ड ७०च्या आत राहून राहिला. स्क्रीनला हुक केला, गाडी उभी केली की काढून सीटखाली, वर दुपट्टा.

इंजिनचा सेन्सर बसवला. सपाट रस्त्यावर ७८-७९ वर येऊन थांबते. ८८ ला बझर. आणि हो, पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका गचक्याला ८५ आला होता, मग ७८, मग परत ८५. तुमचं वाचलं नसतं तर मी गाडी बाजूला घेऊन रेडिएटरच उघडलं असतं. पिन परत सोल्डर केली, गेलं.

नकाशा मास्तरांच्या सल्ल्यानं फोनवर. पांदणी टाकायला सुरुवात केली आहे. देवळं दोन्ही टाकली. एकाच्या नावात वडाचं झाड लिहिलं आहे, एकाच्या नावात हातपंप.

एक राहिलं. पायच्या जॅकमधून जुन्या स्टीरिओच्या ऑक्सला वायर दिली आहे. गाडी उभी असताना आवाज ठीक. इंजिन चालू केलं की स्पीकरमध्ये बारीक शिट्टी, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते. काय असेल?

वायरिंगवाला (दारव्हा)

डायनामोची शिट्टी हाय ते. बोर्डाचं ग्राउंड तू कुठी देलं आन स्टीरिओचं कुठी हाय? दोन वेगळ्या बोल्टले असन तर मधल्या पत्र्यातून करंट वाहते अन् तोच ऑक्सच्या वायरीतून स्पीकरात ऐकू येते. पहिले खात्री कर: तीच ऑक्सची वायर फोनले लाव, फोन चार्जिंगले न लावता. शिट्टी गेली तर हेच कारण. मंग दोघांचं ग्राउंड एकाच बोल्टवर आण, तिथला रंग खरडून. तरी राहिली तर ऑक्समधी लावाचं ग्राउंड लूप आयसोलेटर भेटते, छोटी डबी असते, ते लाव.

कीबोर्ड_अमरावती

आणि शिट्टी गेल्यावरही मागे सर्रर्र असा आवाज राहिला तर तो पायच्या जॅकचा आहे, गाडीचा नाही. पीसीएम५१०२ चा डीएसी (आवाजाचा वेगळा छोटा बोर्ड) लाव, पायच्या आय२एस (ऑडिओच्या) पिनांवर बसतो.

धुऱ्यावरचा

ग्राउंड दोन ठिकाणीच आहे, बोर्डाचं डॅशबोर्डच्या पट्टीला दिलं होतं. फोन लावून पाहिला, शिट्टी नाही. काका, स्टीरिओची मूळ ग्राउंड वायर मागे कुठे जाते ते काही सापडून नाही राहिलं, सगळं हार्नेस टेपनं गुंडाळलेलं आहे. दारव्ह्याला गाडी घेऊन आलो तर पाहून द्याल का?

वायरिंगवाला (दारव्हा)

ये न. बाजाराचा दिवस सोडून ये, त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांची लाइन राहते. आन येताना गाडी धुवून आणू नको, वायरी ओल्या राहिल्या की मीटर भलतंच दाखवते.